गाणी भरून देणारे शालिकभाऊ

शालिकभाऊंच्या दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. तुम्ही रिचार्ज मारायला आलेले असा, फुटलेली काच बदलायला आलेले असा, नाहीतर नुसते उन्हातून सावलीला टेकलेले असा. आत कुठलं तरी जुनं सिनेमाचं गाणं चालू असायचं आणि शालिकभाऊ चष्म्यावरून बघत विचारायचे, "ह्या गाण्याचं गाव कोनतं, सांगा बरं?"

नवखा माणूस गडबडायचा. कोणी सिनेमाचं नाव सांगे, कोणी नटाचं, एखादा आगाऊ असेल तर संगीतकाराच्या घराण्यापर्यंत पोचे. शालिकभाऊ मान हलवत राहायचे. "नटाचं गाव कोन विचारून राह्यलं? तुमी पह्यल्यांदा कुठी आयकलं, ते सांगा. तेच त्याचं गाव."

माझी आणि त्यांची ओळख भांडणातून झाली. एटापल्लीच्या सरकारी दवाखान्यात मी औषधं देणारी म्हणून रुजू झाले आणि त्यांच्या दुकानामागची खोली भाड्याने घेतली. मधली भिंत अशी की त्यांनी तिकडे शिंकलं तर मी इकडे पदर सावरावा. सकाळी सातपासून गाणी सुरू. मी घुग्घुसची, खाणीच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. आमच्याकडे नळावर नंबर लावताना जो गप्प बसला त्याची घागर कोरडी राहायची, त्यामुळे भांडायची मला चांगली सवय आहे. तिसऱ्या दिवशी मी पदर खोचून दुकानात गेले.

"भाऊ, हे काय लावलंय सकाळी सकाळी? माणसानं झोपायचं की नाही?"

"मॅडम, रागावा तुमी, काई हरकत नाई. पर आंधी सांगा, ह्या गाण्याचं गाव कोनतं?"

तोंडावर चांगलंच काहीतरी मारावं असं मनात होतं. पण ते गाणं नेमकं असं निघालं की तोंडातून भलतंच गेलं. म्हटलं, "घुग्घुस. आमच्या शेजारच्या क्वार्टरमधलं." आणि मग मला थांबताच येईना. बाबा पहिल्या पाळीवरून मोटरसायकलीने यायचे, पापण्यांच्या केसांत कोळसा बसलेला असायचा, आई न्हाणीत पाणी काढून ठेवायची आणि शेजारच्यांच्या टेपवर हे गाणं लागलेलं असायचं. बाबा आतून त्याची दुसरी ओळ म्हणायचे, नेहमी दुसरीच, पहिली त्यांना कधी आलीच नाही. हे सगळं मी एका परक्या माणसाला, हातात त्याचाच चहाचा कप धरून, उभ्या उभ्या सांगितलं. दवाखान्यात पोचायला उशीर झाला. आवाज कमी करा हे सांगायचं राहिलं ते राहिलंच.

शालिकभाऊ मूल गावाकडचे, धानाच्या पट्ट्यातले. त्यांचे वडील दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईत, म्हणजे तिकडच्या जत्रेत, नाटकाच्या मंडपात भोंगे बांधायचं काम करायचे. शालिकभाऊ त्याच मंडईत पेटीवर कॅसेट मांडून विकायला बसले. एका वर्षी नाटक कंपनीच्या ट्रकबरोबर ते एटापल्लीला आले, ट्रकचा पाटा तुटला, कंपनी दुसरी गाडी करून निघून गेली आणि हे कॅसेटच्या पेट्यांसकट इथेच राहिले. "काऊन राहिलात?" असं मी त्यांच्याच बोलीत चिडवून विचारलं, तर म्हणाले, "इथी कोनी कॅसेट मागत नोहतं. मंग म्हटलं, इथीच गरज आहे." धंद्याची ही समज ऐकून मी कपाळावर हात मारला. त्यांच्या बायकोनेही लग्नानंतर मारला असावा. ती अंगणवाडीत होती, घर तिच्या पगारावर चालायचं. तिला गाण्यांचा भयंकर कंटाळा. शालिकभाऊ म्हणायचे, "आमच्या घरी टेप नाई, रेडिओ नाई. मी जेवढा वाजतो तेवढाच."

कॅसेट गेल्या, सीड्या आल्या, त्याही गेल्या आणि शालिकभाऊ कार्ड भरून देऊ लागले. आज कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण त्या वेळी आमच्याकडे टॉवर असून नसल्यासारखा होता. नेटवर गाणं ऐकणं म्हणजे एक ओळ ऐकायची आणि पुढच्या ओळीची वाट बघत स्वयंपाक उरकायचा. त्यामुळे बाजाराच्या दिवशी लांबलांबच्या गावांतून लोक यायचे, गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला फोन, आणि फोनमधलं नखाएवढं कार्ड काढून शालिकभाऊंच्या टेबलावर ठेवायचे. "भरून द्या." भाऊ ते कॉम्प्युटरला लावायचे आणि त्यात गाणी ओतायचे. तेवढ्या शिदोरीवर माणूस पुढचे कित्येक बाजार काढायचा.

इतर दुकानदार डोळे मिटून भरायचे. शालिकभाऊ आधी मुलाखत घ्यायचे. कोण ऐकणार? कुठे ऐकणार? शेतात की घरात? एका ट्रकवाल्याने सगळी रडकी गाणी मागितली, त्याची कुठेतरी जमलेली सोयरीक मोडली होती. शालिकभाऊंनी साफ नकार दिला. "रात्रभर हेच आयकशीन तं गाडी झाडाले नेऊन लावशीन. चार रडाची घे, मंग दोन नाचाची. पुन्हा चार रडाची. असं रडाचं असते." तो पठ्ठ्या बाहेर जाऊन शिव्या देत होता, पण पुढच्या खेपेला तसंच चाराला दोन मागून घेऊन गेला.

आणि प्रत्येक कार्डात शेवटचं गाणं त्यांच्या मर्जीचं. ते मागितलेलं नसायचं. पुढच्या बाजाराला विचारायचे, "शेवटलं आयकलं का?" तहसीलमधले एक साहेब होते, इस्त्रीचा शर्ट, आवाजही इस्त्री केलेला. आपण फक्त शास्त्रीय ऐकतो असं त्यांनी दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. भाऊंनी मुकाट भरून दिलं. आठवड्याने साहेब आले आणि उगीचच काचेतली कव्हरं बघत उभे राहिले. शेवटी म्हणाले, "ते शेवटचं तुम्ही चुकून टाकलंत वाटतं." "चुकून नाई, साहेब. कोनत्या गावचं निंघालं?" साहेबांनी आजूबाजूला बघितलं आणि अगदी हळू आवाजात एका कॉलेजच्या सहलीचं, बसच्या मागच्या सीटचं आणि कुणाच्या तरी हिरव्या ओढणीचं सांगितलं. त्या दिवसापासून साहेबांचा आवाज आमच्या गल्लीत तरी जरा मऊ झाला.

भाऊंचं तत्त्वज्ञान वगैरे काही नव्हतं. माणसाने आपली आठवण सांगितली की त्यांना बरं वाटायचं, एवढंच. काही माणसांना लोकांना जेवायला वाढायचा नाद असतो, तसा त्यांना हा होता. कोणी रडायला लागलं तर मात्र घाबरून जायचे आणि त्याला बिस्किटचा पुडा द्यायचे.

एक नियम ते कडक पाळायचे. कार्डाला हात लावण्याआधी विचारायचे, "ह्याच्यात घरचं काई आहे का?" घरचं म्हणजे लग्नाचे फोटो, पोराचे बोबडे बोल, म्हाताऱ्याचा आवाज. कार्डं जुनी असायची, व्हायरसने भरलेली, सगळं पुसून मोकळं केल्याशिवाय ती गाणी घ्यायचीच नाहीत. म्हणून घरचं असेल तर ते आधी कॉम्प्युटरमध्ये काढून ठेवायचं, कार्ड पुसायचं, गाणी भरायची आणि घरचं पुन्हा जागच्या जागी ठेवायचं. संध्याकाळी दुकान बंद करताना ते कॉम्प्युटरमधूनही काढून टाकायचे. "दुसऱ्याच्या घरातलं आपल्याजवर ठेवाचं नाई," असं म्हणायचे. इतक्या वर्षांत या बाबतीत त्यांच्याविरुद्ध एक तक्रार नव्हती.

रैनूदादा पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा मी चार्जर बदलायला गेले होते. दोन नाले ओलांडून जंगलात त्यांचं गाव. माडिया माणूस, मराठी मोजकी, चेहरा शांत. त्यांनी फोनमधून कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"कोनासाठी भराचं, दादा?"

"बाईसाठी. घरी बाई जेवत नाई. बोलत नाई. लोक म्हनतात गाना आन, मन लागेल."

"काऊन? तब्येत बरी नाई का?"

"पोरगी गेली आमची." त्यांनी हे बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. एकुलती पोरगी, सुमन. आश्रमशाळेत शिकत होती. सिकलसेलचं, रक्ताचं दुखणं होतं. दवाखान्यात काम करून मला तो शब्द पुरेसा ओळखीचा होता, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

शालिकभाऊंचा चेहरा उतरला. पण नियम ते विसरले नाहीत. मी स्वतः ऐकलं आहे, त्यांनी विचारलं, "दादा, ह्याच्यात घरचं काई आहे का? फोटो, आवाज, काई?"

"नाई," रैनूदादा म्हणाले.

"पक्कं?"

"नाई. फकत गाना होता, जुना."

मग शालिकभाऊंनी ते कार्ड पुसलं आणि जीव ओतून भरलं. त्या बाईने जेवावं म्हणून भरलं. लग्नातली, शेतातली, देवाची, नाचाची, माडियांच्या रेला नाचाची, जे जे होतं ते सगळं. मोकळी जागा उरली की आणखी दोन टाकायचे. मी चार्जर घेऊन निघाले तेव्हा ते कार्डाच्या काठापर्यंत आले होते आणि तरी म्हणत होते, "अजून एक बसते, बसते." शेवटचं त्यांच्या मर्जीचं टाकलं आणि दादांना चहा पाजून पाठवून दिलं.

पुढच्या बाजाराला रैनूदादा सकाळीच दारात उभे. भाऊंनी नेहमीच्या उत्साहाने विचारलं, "मंग, आयकलं का बाईनं?"

दादांनी फोन पुढे केला. "पोरगी नाई दिसत याच्यात."

सगळं समजायला आम्हाला थोडा वेळ लागला. सुट्टीत घरी आली असताना सुमनने अंगणात बसून एक सिनेमाचं गाणं म्हटलं होतं आणि फोनमध्ये भरून ठेवलं होतं. ती गेल्यावर तिची आई दिवसभर तेवढंच ऐकायची. रैनूदादांच्या मते पोरगी फोनमध्ये होती. बटणं दाबली की तिथेच यायची. कार्ड म्हणजे बाजारातल्या गाण्यांची थैली, ती रिकामी करून भरून आणायची, यात फोनमधल्या पोरीचा काय संबंध? म्हणून ते "नाई" म्हणाले आणि त्यांच्या दृष्टीने ते खरंच होतं. आवाज कार्डात जाऊन बसतो हे फोनने त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

शालिकभाऊ इतके पांढरे पडले की मीच त्यांना स्टूल दिलं. आणि तिथे त्यांच्या तोंडून निघालं, "पाहतो, दादा. कुठी जाईन? सापडन."

दादा गेल्यावर मी म्हटलं, "सापडेल ना खरंच?"

"मॅडम, नुसतं पुसलं असतं तं सापडलं असतं. मशीन असते तशी. पर मी त्याच्यावर ठासून भरलं ना. एक बी जागा नाई सोडली." त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. "थोडं कमी भरलं असतं तं झालं असतं. कोनी सांगतलं होतं एवढं भराले?"

तरी त्यांनी जमेल ते केलं. कार्ड घेऊन आधी चंद्रपूरला गेले, तिथल्या माणसाने हात झटकले. नागपूरला एकाकडे ठेवून आले, त्याने जे काढून दिलं ते मला ऐकवलं. कसल्या तरी कव्वालीचा तुकडा, मग खरखर, मग एका जाहिरातीतली दोन अक्षरं. पोरगी कुठेच नव्हती. रैनूदादा दर बाजाराला यायचे, एकच विचारायचे, "दिसली का?" आणि शालिकभाऊ म्हणायचे, "पाहून राह्यलो, दादा." मग दादा स्टुलावर बसून राहायचे, बाजार उठायच्या वेळी निघायचे. त्या दिवशी दुकानात गाणं वाजत नसे.

मी तेव्हा काय करू शकत होते? काही नाही. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून शालिकभाऊंनी विचारलं तेव्हा मी एका भलत्याच गोष्टीत मदत केली. आमच्या दवाखान्यात नर्सिंगची एक मुलगी कामाला आली होती, गोड गळ्याची. भाऊ म्हणाले, "तेच गानं तिच्याकडून म्हनून घ्या, मॅडम. फसवाचं नाई मले. पर त्या बाईले तेवढाच आधार होईन." फसवायचं नाही म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मुलीने फार सुंदर म्हटलं. पुढच्या बाजाराला भाऊंनी ते आपल्या फोनवर लावलं आणि फोन रैनूदादांच्या कानाशी धरला.

दादांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग डोळे उघडून म्हणाले, "कोंबडी नाई याच्यात."

"कोंबडी?"

"आमची पोरगी गाते, मधीच कोंबडी येते. ती हाकलते तिला. हसते. मंग पुन्हा गाते. पुढचा विसरते." त्यांनी फोन हळूच परत दिला. "ही पोरगी चांगली गाते. कोनाची आहे?"

शालिकभाऊ उठून दुकानाबाहेर निघून गेले. मी त्या मुलीचं गाव, तिच्या वडिलांचं नाव सांगत बसले. काय करणार? कोणीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

त्या दिवशी मी भाऊंना खूप बोलले. किती दिवस झुलवणार त्या माणसाला? दोन नाले ओलांडून येतो तो. पाऊस लागला की तेही ओलांडता येणार नाहीत, मग काय पोहत येणार? एकदाच सांगून टाका, रडेल, शिव्या देईल, हात उगारेल, पण सुटेल. तुम्हीही सुटाल. माझं बोलणं तोंडावर मारल्यासारखं असतं, पण त्यात खोट नव्हती. शालिकभाऊ ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "बराबर आहे, मॅडम."

पुढच्या बाजाराला त्यांनी सांगितलं. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, दादांना समोर बसवलं आणि हात जोडून सांगितलं की पोरगी पुसली गेली, ती आता कुठेच नाही, कोणत्याच मशीनमध्ये नाही, आणि हे आपल्या हातून झालं. "मी फोन पाहाले पाहिजे होता. नुसतं विचारलं, पाह्यलं नाई."

रैनूदादा ओरडले नाहीत, रडलेही नाहीत. समोर भज्यांचा कागद होता, त्यातली राहिलेली भजी त्यांनी खाल्ली, कागदाची घडी घातली. म्हणाले, "मले वाटलाच होता."

"मले माफ करा, दादा."

"तुमी मुद्दाम नाई केला." मग ते उठले, शटरखालून वाकून बाहेर गेले आणि पुन्हा वाकून आत आले. "बाईले तुमी सांगा. माह्याच्यानं नाई होत."

"म्हनजे तिले अजून..."

"ती रोज विचारते. मी सांगतो, भाऊ शोधून राह्यला. तेवढा आयकते, मंग जेवते."

ते "जेवते" ऐकून शालिकभाऊंनी मान खाली घातली.

आम्ही गेलो. भाऊ म्हणाले, "मॅडम, तुमी चला, बाईमानूस आहे तिथी, मले एकट्याले जमनार नाई." रविवार होता. त्यांच्या मोटरसायकलवर मागे मी, हातात बिस्किटांची पिशवी, जणू पाहुणचाराला चाललोय. रस्ताभर ते मला म्हणून दाखवत होते, कसं सांगायचं ते. आधी काय, मग काय. मीही सुधारून देत होते. पहिल्या नाल्यापर्यंत आमचं भाषण तयार झालं होतं.

अंगण सारवलेलं होतं. झाडाखाली बाज टाकलेली. रैनूदादांची बायको, जुरीबाई, आम्ही येणार हे कळल्यामुळे अंघोळ करून, केस विंचरून दारात उभी होती. फार बारीक झालेली होती, पण डोळे अगदी उत्सुक. तिने आम्हाला पाणी दिलं. मग आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेला फोन घेऊन आली. सौर दिव्यावर चार्ज करून ठेवलेला. फडकं सोडून तिने तो दोन्ही हातांनी शालिकभाऊंपुढे धरला आणि माडियात काहीतरी विचारलं.

रैनूदादांनी तिच्या शब्दांचं मराठी केलं नाही. गरजच नव्हती.

शालिकभाऊंनी तोंड उघडलं. मी बघत होते. पहिला शब्द ओठांवर आलेला मला दिसला, आम्ही नाल्यापाशी ठरवलेला. मग ते माझ्याकडे बघायला लागले. मी, इतकं बोलणारी, त्यांना तडातडा सुनावणारी, मी अंगणातल्या मातीकडे बघितलं. रैनूदादा झाडाकडे बघत होते. त्या बाईने फोन तसाच पुढे धरलेला.

"शोधून राह्यलो, बाई," शालिकभाऊ म्हणाले. "मोठी मशीन लागते त्याले. वेळ लागन."

दादांनी ते तिला सांगितलं. आम्हाला वाटलं ती रडेल. ती हसली. आम्ही तिथे असेपर्यंत तेवढी एकदाच हसली. तिने काहीतरी उत्तर दिलं आणि फोन पुन्हा फडक्यात गुंडाळू लागली.

"काय म्हनते?" भाऊंनी विचारलं.

"घाई नाई म्हनते. नीट शोधा म्हनते."

परतताना नाल्यात गाडी बंद पडली, शालिकभाऊंनी उतरून ढकलली. मला राग येत होता, पण कोणावर ते कळत नव्हतं. ती बाई खरं ऐकून मेली असती का? बहुतेक नाही. माणसं मरत नाहीत. पण तिला सांगणारा माणूस त्या अंगणात आमच्यापैकी कोणी नव्हता, हे मात्र खरं.

त्यानंतर मी एटापल्लीत फार दिवस राहिले नाही. बदलीचा कागद आला, गडचांदूर मिळालं. मधल्या काळात टॉवर नीट चालू लागला होता, लोक फोनवरच गाणी ऐकायला लागले होते, कार्ड कोणी आणत नव्हतं. शालिकभाऊंनी दुकानात कव्हरं आणि इयरफोन वाढवले होते. गाण्याचं गाव विचारायचं त्यांनी सोडलं होतं. कोणी जुनं गिऱ्हाईक मुद्दाम आठवण सांगायला लागलं तर ऐकून घ्यायचे, पण पुढे काही विचारायचे नाहीत.

निघायचा दिवस नेमका बाजाराचा होता. सामान गाडीत टाकून मी भाऊंचा निरोप घ्यायला दुकानात गेले. बाहेर मिरच्यांचे, सुकटीचे, टोपल्यांचे ढीग, माणसांची रेटारेटी. आत रैनूदादा स्टुलावर बसले होते.

मला वाटलं, आता यांना काय काम? त्यांना सगळं माहीत आहे. शालिकभाऊ त्यांच्यापुढे चहा ठेवत म्हणाले, "बसा, दादा. आज गर्दी आहे. मंग निवांत बोलू."

रैनूदादांनी चहा बाजूला सारला. कॉम्प्युटरकडे बोट केलं. "मशीन लावा."

शालिकभाऊ त्यांच्याकडे वाकले. खूप हळू आवाजात म्हणाले, "दादा, तुमाले तं मालूम आहे. काई नाई त्याच्यात."

"मालूम आहे," रैनूदादा म्हणाले. "पर लावा. घरी गेलो की ती विचारते, आज शोधला का. मी तिच्याशी कधी खोटा बोललो नाई."

बाहेर माझ्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. शालिकभाऊंनी ते कार्ड घेतलं, शर्टाच्या टोकाने धूळ झटकून कॉम्प्युटरला लावलं, आणि खुर्ची पुढे ओढून पहिल्यापासून शोधायला सुरुवात केली. दादा स्टूल जवळ सरकवून पडद्याकडे बघू लागले.